कौलं खरी, खिडक्या परत बसवलेल्या: हेलन ॲलिंगहॅमच्या चित्रांबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कोकणातल्या आजोळच्या आणि आसपासच्या जुन्या घरांची जलरंगात चित्रं करता. कुठे कौलं जाऊन पत्रा आलाय, कुठे लाकडी गजांच्या खिडकीच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसलीय. चित्रात मात्र तुम्ही जुनीच खिडकी काढता. कुणी म्हणालं, ही फसवणूक आहे. दुसऱ्या कुणी तुमची बाजू घेत सांगितलं, की व्हिक्टोरियन काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, हेलन ॲलिंगहॅम या जलरंगकार बाईनेही इंग्लंडमधल्या खेड्यातली घरं रंगवताना हेच केलं. मग तिची खेडी खरी मानायची की नाही? आणि तिच्यासारखी भिंत, तिच्यासारखी फुलं पांढरा रंग न वापरता कशी जमवायची?

मी तीस वर्षं जलरंग करते आणि शिकवते. शिकण्यासाठी म्हणून तिच्या चित्रांच्या डझनभर नकला केल्या आहेत, आणि लंडनला हॅम्पस्टेडच्या बर्ग हाउसमध्ये तिची मूळ चित्रं नाक काचेला लागेपर्यंत जवळ जाऊन पाहिली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर सांगून टाकते. तिच्या चित्रात तीन वेगवेगळी सत्यं एकाच कागदावर आहेत. घर समोर बसून पाहिलेलं आहे. खिडकी कधी कधी परत बसवलेली आहे. माणसं निवडून आणलेली आहेत. हे तिन्ही एकाच तराजूत टाकले की लोक एकतर 'अगदी खरं' म्हणतात नाहीतर 'सगळं गोड खोटं' म्हणतात. दोन्ही मतं चित्राकडे नीट न बघता बनवलेली आहेत.

ती या घरांपर्यंत कशी पोचली ते आधी बघू. हेलन पॅटरसनचा (हे तिचं माहेरचं नाव) जन्म १८४८ चा, डर्बीशायरमधल्या स्वॉडलिनकोटचा. वडील डॉक्टर. १८६२ मध्ये घटसर्पाच्या साथीत वडील गेले, पाठोपाठ धाकटी बहीणही. हेलन तेव्हा तेरा वर्षांची होती. घर बर्मिंगहॅमला हललं, तिथल्या कलाशाळेत ती शिकली आणि १८६७ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीच्या शाळेत दाखल झाली. त्या शाळेचं दार मुलींसाठी उघडलं होतं ते तिच्याच मावशीमुळे. १८६० मध्ये लॉरा हर्फर्ड यांनी आपली चित्रं फक्त आद्याक्षर आणि आडनाव घालून पाठवली, निवड झाली, आणि मग कळलं की उमेदवार बाई आहे. तोवर नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

हेलनला पोटासाठी काम हवं होतं. १८७० पासून ती 'द ग्राफिक' या सचित्र साप्ताहिकात काम करू लागली. १८७४ मध्ये थॉमस हार्डी यांची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' ही कादंबरी मासिकातून क्रमशः येत होती, तिची चित्रंही हेलनचीच. म्हणजे हातात रेघ पक्की होती, आणि ठरलेल्या मुदतीत बरोबर चित्र देण्याची शिस्त होती. तिची जलरंगातली घरं पाहताना हे विसरू नका. फुलांच्या मागे जी वास्तू उभी आहे ती लाकडी ठोकळ्यांवर छापण्यासाठी रेखाटणाऱ्या हाताने काढलेली आहे. धुराडं कधी तिरकं पडत नाही, पाख्याचा कोन चुकत नाही.

त्याच वर्षी तिचं लग्न झालं आयरिश कवी विल्यम ॲलिंगहॅम यांच्याशी. त्यानंतर साप्ताहिकाचं काम सुटलं आणि ती जलरंगाकडे वळली. १८८१ मध्ये हे कुटुंब लंडन सोडून सरे परगण्यातल्या विटलीजवळ सँडहिल्सला राहायला गेलं. आपल्या मनात तिचं म्हणून जे चित्र असतं, म्हणजे झुकलेलं छप्पर, समोर फुलांचा पट्टा, फाटकाशी एप्रन घातलेली बाई, ते मुख्यतः तिथून सुरू झालं.

आता घराबद्दल. सरेमधल्या त्या घरांची बांधणी कोकणातल्या माणसाला पटकन कळेल. ओकच्या लाकडाचा सांगाडा आणि मधल्या चौकटींत कूड: काटक्या विणून वर मातीचा गिलावा. पावसाच्या माऱ्याने कूड भिजतो, लाकूड कुजतं. म्हणून पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून लोकांनी वरच्या मजल्याच्या भिंतीवर रिपा ठोकून त्यांवर कौलं टांगली. छपरावरची कौलं उतरून भिंतीवर आल्यासारखी दिसतात. त्यातली काही खालच्या बाजूला गोल कापलेली, माशाच्या खवल्यांसारखी. खाली वीट किंवा बार्गेट नावाचा पिवळसर दगड. या दगडाच्या दरजा भरताना ओल्या चुन्यात लोहदगडाच्या काळसर कपच्या खोचायची तिथे पद्धत आहे. भिंत दुरून बघितली तर दगडांभोवती खिळे ठोकल्यासारखी रांग दिसते.

हे सगळं तिच्या चित्रांत आहे. कुठल्या भिंतीवर साधी कौलं आणि कुठे खवल्यांची, धुराडं घराच्या मधून वर येतं की टोकाला नंतर जोडलेलं आहे, पाखं कुठे खाली ओढून पाठीमागच्या सोप्यावर घेतलंय, हे ती चुकवत नाही. घराला नंतर जोडलेला भाग तिच्या चित्रात नंतर जोडलेलाच दिसतो. म्हणून जुन्या घरांचा अभ्यास करणाऱ्यांना ती चित्रं उपयोगी पडतात. कल्पनेतलं 'खेड्यातलं घर' रंगवणारा माणूस असली विसंगती ठेवत नाही. तो सगळं सारखं करून टाकतो.

तिला ही घाई का होती, तेही तिच्या काळातून कळतं. १८७० च्या दशकापासून अमेरिकेचं स्वस्त धान्य येऊ लागलं आणि इंग्लंडची शेती बसली. मजूर शहराकडे निघाले. विटलीला रेल्वे स्टेशन १८५९ मध्येच आलं होतं, त्यामुळे लंडनच्या पैसेवाल्यांना हा भाग जवळचा झाला. जुनी घरं एकतर पाडली जात होती, नाहीतर नव्या मालकाच्या सोयीने 'नीट' केली जात होती. १८८६ मध्ये लंडनच्या बाँड स्ट्रीटवरच्या फाइन आर्ट सोसायटीत तिचं सरेच्या घरांचं प्रदर्शन भरलं. चित्रं काढून झाल्यावरच्या थोड्याशा काळात यातली काही घरं दुरुस्तीत बदलून गेली आणि काही साफ नाहीशी झाली, हे त्याच्या कॅटलॉगमध्येच म्हटलं होतं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण काय करतोय हे तिला ठाऊक होतं.

आता खिडकीकडे येते, कारण तुमचा प्रश्न खरा तिथे आहे. या घरांना पूर्वी शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या, शंकरपाळ्यासारख्या छोट्या काचांच्या खिडक्या असत. एकोणिसाव्या शतकात मोठी काच स्वस्त झाली, आणि घरमालकांनी जुन्या खिडक्या काढून मोठ्या काचांच्या बसवल्या. आत उजेड जास्त येतो, त्यामुळे राहणाऱ्याला त्या बऱ्याच. हेलनने अनेकदा चित्रात जुनी जाळीची खिडकी परत बसवली. तुमची बाजू घेणाऱ्यांनी हे बरोबर सांगितलं.

पण ती हे कशाच्या बळावर करत होती ते बघा. तशा खिडक्या शेजारच्या घरांत अजून होत्या, काही वेळा त्याच घराच्या मागच्या अंगाला. चौकट किती रुंद, काचा किती, बिजागरी कुठे, हे तिने डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिलेलं होतं. ती ज्याला स्थानिक कारागिरीची ओळख आहे अशा गवंड्यासारखी दुरुस्ती करत होती. यात आणि 'जुनं छान दिसतं म्हणून काहीतरी जुनं' काढण्यात फार अंतर आहे. तरी एक गोष्ट मला खटकते. चित्रात कुठली खिडकी पाहिलेली आणि कुठली परत बसवलेली, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

आणि तिसरी गोष्ट माणसं. माझा तिच्याशी खरा झगडा इथे आहे. बाई फाटकाशी उभी, कडेवर मूल, दुसरं मूल मांजराजवळ. एप्रन स्वच्छ, टोपी स्वच्छ. चित्रामागून चित्र पाहिलं की तीच बाई, तीच टोपी पुन्हा पुन्हा भेटते. पुरुष जवळजवळ नाहीतच. पाऊस नाही, चिखल नाही, ओल चढलेली भिंत नाही. ज्या वर्षांत ही चित्रं होत होती त्याच वर्षांत, १८८४-८५ मध्ये, गरिबांच्या घरांच्या हालाखीची चौकशी करायला शाही आयोग बसला होता. १८७२ मध्ये जोसेफ आर्च यांच्या पुढाकाराने शेतमजुरांची देशव्यापी संघटना उभी राहिली होती. त्या सुंदर छपराखाली एका खोलीत किती जण झोपत, हे छपराकडे बघून कळत नाही.

तिला हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. ज्या 'ग्राफिक'मध्ये ती घडली, त्याच साप्ताहिकाने लंडनच्या रस्त्यांवरचे निराधार लोक घराघरांत पोचवले. तिथेच काम केलेल्या ह्यूबर्ट फॉन हर्कोमर यांनी १८८५ मध्ये 'हार्ड टाइम्स' रंगवलं: कामाच्या शोधात निघालेला मजूर रस्त्याच्या कडेला उभा, शेजारी थकून बसलेली बायको आणि मुलं. तेही इंग्लंडचंच खेडं, त्याच वर्षांतलं. मी विद्यार्थ्यांना ही दोन चित्रकारांची पानं शेजारी शेजारी ठेवून दाखवते. हेलनने एक बाजू निवडली. १८८९ मध्ये नवरा वारला तेव्हा धाकटा मुलगा सात वर्षांचा होता, तीन मुलांचं घर तिच्या ब्रशवर चाललं, आणि बाँड स्ट्रीटवर फुलांची दारं विकली जात होती. याबद्दल तिला दोष द्यायची माझी हिंमत नाही. पण तिची माणसं पुरावा म्हणून वापरू नका, एवढं नक्की सांगेन. १९०३ मध्ये तिच्या चित्रांचं पुस्तक निघालं त्याचं नावच 'हॅपी इंग्लंड', आणि तो शिक्का पुढे तिच्या घरांवरही बसला. घरांवर तो अन्याय आहे.

आता तंत्र. हा माझा खरा आवडीचा भाग, इथे मला थांबवावं लागेल.

विटलीलाच तिच्या आधीपासून राहत होते मायल्स बर्किट फॉस्टर, त्या काळचे सर्वांत लोकप्रिय जलरंगकार. तेही लाकडी ठोकळ्यावर रेखाटून शिकलेले, तीच गावं, तीच मुलं, तीच कुंपणं. त्यामुळे दोघांची चित्रं लोक सरसकट एकाच पिशवीत टाकतात. जवळून बघितलं की पद्धत अगदी उलटी आहे. फॉस्टर चिनी पांढरा रंगात मिसळत. झिंकचा हा पांढरा १८३४ पासून बाजारात आला होता. जवळजवळ कोरड्या, टोकदार ब्रशाने ते हजारो बारीक ठिपके आणि रेघा एकमेकांवर रचत. त्यातून मखमलीसारखा पृष्ठभाग तयार होतो. कागद खाली झाकला जातो, उजेड रंगाच्या थरावर पडून परत येतो.

हेलन पारदर्शक राहिली. तिचा उजेड कागदातून येतो. 'हॅपी इंग्लंड'मध्ये तिच्या पॅलेटवरचे रंग दिले आहेत, ते फक्त नऊ: कोबाल्ट ब्लू, पर्मनंट यलो, ऑरिओलिन, रॉ सिएना, यलो ऑकर, कॅडमियम, रोझ मॅडर, लाइट रेड आणि सेपिया. ही यादी दोनदा वाचा. एकही तयार हिरवा नाही. निळा एकच. काळा नाही, प्रशियन ब्लू नाही. हिरव्या रंगासाठी प्रसिद्ध असलेली चित्रकार हिरव्याची ट्यूबच ठेवत नाही! तिची सगळी झाडं, गवत, वेली कोबाल्ट आणि वेगवेगळ्या पिवळ्यांतून निघाल्या आहेत. कोबाल्ट मुळात सौम्य, त्यामुळे तिचा हिरवा कधी किंचाळत नाही. आपल्याकडे विद्यार्थी सॅप ग्रीन थेट ट्यूबमधून लावतात आणि मग झाड घरापासून तुटून पुढे येतं. महिनाभर हिरव्याची ट्यूब कपाटात ठेवा.

छपराचा एक इंच कसा होतो ते सांगते, मी नकला करताना जसा मला उलगडला तसा. आधी यलो ऑकर आणि लाइट रेडचा पातळ वॉश, म्हणजे पाणीदार सलग थर, छपराच्या उताराच्या दिशेने. तो पूर्ण वाळू द्यायचा, बोटाच्या पाठीला गार लागतोय तोवर हात लावायचा नाही. मग कोबाल्ट आणि रोझ मॅडरची जांभळट सावली, पण सगळीकडे नाही. कौलांच्या ओळी जिथे खाली दबल्या आहेत तिथेच. ओकच्या वाशांना शतकांनी पोक येतं, त्यामुळे ओळी सरळ नसतात, दोरी सैल सोडल्यासारख्या झोकात जातात. त्या झोकावरच छप्पर जुनं वाटतं. त्यानंतर स्वच्छ ओल्या ब्रशाने मधली दोन-चार कौलं ओली करून टिपकागदाने उचलायची. ती फिकट होतात, दगडफुलाचा पांढुरका डाग आल्यासारखी. शेवटी चाकूच्या टोकाने एखाद्या कौलाची खालची कड खरवडायची, केसाएवढी. ऊन लागलं.

खरवडणं हे तिचं मोठं हत्यार आहे. हॉलिहॉकची (उंच दांड्यावर फुलणारं बागेतलं झाड) फुलं गर्द कुंपणापुढे उजळ दिसतात, कारण तिथे आधी कागद राखलेला असतो किंवा गर्द रंग उचलून, खरवडून पांढरा परत मिळवलेला असतो, आणि मग त्यावर शुद्ध रोझ मॅडरचा एकच पातळ थर दिलेला असतो. पांढऱ्यात मिसळलेला गुलाबी आणि पांढऱ्या कागदावरचा गुलाबी यांत दुधातलं केशर आणि काचेतून दिसणारं केशर एवढा फरक आहे. ब्लेड वापरायची असेल तर कागद निदान ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), कापसाचा घ्या. साध्या कागदाचे धागे निघतात, आणि त्यावर रंग टिपकागदासारखा फुटतो. पावसाळ्यात तर खरवडूच नका, कागद आतून ओला असतो.

पांढऱ्यासाठी कागद राखायचा हा दंडक आपल्याला नवा नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून इंग्रजी जलरंगाची शिस्त इकडे रुजली. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, ते जमलं तर बघून या. बोटांमधून झिरपणारा तो प्रकाश जलरंगातला आहे.

एक सावधगिरी. तुम्ही हेलनचे रंग जुन्या पुस्तकांवरून किंवा मोबाइलवर बघून जुळवत असाल तर फसाल. १९०३ ची छपाई तीन रंगांच्या जाळीठिपक्यांची होती, तिच्यात कोबाल्टचे करडे गढूळ होतात आणि लाल पुढे येतो. मूळ चित्रंही आज पहिल्यासारखी असतील असं नाही. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळापासून होणारा रोझ मॅडर उजेडाने विटतो, ऑरिओलिन हा पिवळा तपकिरी-करडा पडतो. म्हणून काही जुन्या जलरंगांत गवत निळसर आणि आकाश उदास दिसतं. चित्रकाराला तसं नको होतं. रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांनी १८८८ मध्येच जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा अहवाल दिला होता. उजेडाच्या जोडीला हवा आणि दमटपणा असला की रंग जास्त उडतात, हे त्यात दाखवलं होतं. कोकणातल्या घरात खिडकीसमोर जलरंग टांगणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. रोझ मॅडरच्या जागी मी क्विनॅक्रिडोन रोझ वापरते, ऑरिओलिनच्या जागी टिकाऊ म्हणून नोंदलेला थंड पिवळा.

आता तुमच्या खिडकीचं. जुनी खिडकी काढायला माझी हरकत नाही, पण आधी ती तुम्हाला माहीत हवी. त्याच गावातलं गजांची खिडकी शाबूत असलेलं घर शोधा. गज गोल की चौकोनी, किती, चौकटीचं लाकूड केवढं जाड, झडपा आत उघडतात की बाहेर, हे मोजून वहीत काढा. मग ती खिडकी तुमच्या चित्रात बसवा. पत्र्याबद्दल मात्र घाई करू नका. पत्र्यावर चढलेला गंज लाइट रेड आणि कोबाल्टमध्ये काय सुरेख उतरतो ते एकदा करून बघा, कदाचित कौलांची आठवणच येणार नाही. आणि घराच्या पडवीत जो माणूस खरोखर बसलेला असेल तोच काढा, मोबाइल बघत असेल तर तसाच.

शेवटी चित्र उलटं करून मागे मऊ पेन्सिलने, दाब न देता लिहा: गाव, वाडी, तारीख, आणि 'पूर्वेकडची खिडकी बदललेली आहे, शेजारच्या घरावरून'.